तुषार संचाचे फवारे जुळवून घ्या



ऊस तुटला, खोडवा ठेवायचा नाही म्हणून रान मोकळे केले आणि त्यात गहू, हरभरा किंवा उन्हाळी भुईमूग टाकला, की शेडमध्ये पडलेले तुषारचे पाइप बाहेर निघतात. काही सभासद नव्या लागणीला पहिली हलकी पाणी देण्यासाठीही हाच संच लावतात. पाइप जोडले, मोटर चालू केली, फवारे टकटक करत फिरू लागले, की आपण बांधावर बसून समाधानाने पाहतो. सगळे रान ओले दिसते. पाऊस पडल्यासारखे वाटते.

पण पाऊस रानात सगळीकडे सारखा पडतो, फवारा तसा पडत नाही. ओले दिसणे वेगळे आणि सारखे भिजणे वेगळे. पंधरा दिवसांनी त्याच रानात चट्टे दिसू लागतात. फवाऱ्याच्या बुडाशी पीक काळेभोर माजलेले, आणि दोन ओळींच्या मधोमध पिवळट, आखूड. मग खत कमी पडले असेल अशी शंका येते. शेजारी सांगतो, "पाणी कमी पडतंय, दोन तास वाढवा." दोन तास वाढवले की मधला पट्टा कसाबसा भिजतो, पण फवाऱ्याजवळ चिखल होतो. लाइट जाते, पाणी जाते, खत खाली झिरपून जाते. नदीकाठच्या आपल्या भारी जमिनींतून जादा पाण्यामुळे चोपण आणि खारपड रान कसे वाढले, हे सांगली-कोल्हापूरकडच्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी तास वाढवण्याच्या आधी फवारे जुळवून घ्यावेत. काम अवघड नाही. एक पाना, एक बादली, घड्याळ आणि सोळा रिकामे डबे एवढ्यावर ते होते. या लेखात तेच काम क्रमाने समजून घेऊ.

फवारा चालतो कसा

ज्या फवाऱ्याला आपण नुसते "स्प्रिंकलर" म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी हातोड्याचा फवारा असतो. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील संत्रा-लिंबू बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांनी तो १९३३ साली तयार केला. म्हणजे यंत्र एका बागायतदारानेच काढलेले आहे, आणि इतक्या वर्षांत त्याच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही.

तोटीतून जोराने निघालेली धार समोरच्या हातोड्याच्या चमच्यावर आपटते. हातोडा बाजूला फेकला जातो. स्प्रिंग त्याला परत ओढते. परत येताना तो फवाऱ्याच्या अंगावर ठोका मारतो आणि त्या ठोक्याने फवारा थोडासा पुढे सरकतो. असे ठोके बसत बसत पूर्ण फेरा होतो. शेतातल्या नेहमीच्या मध्यम फवाऱ्याचा एक फेरा साधारण एक मिनिटाच्या आसपास व्हावा. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे एका ओळीतल्या सगळ्या फवाऱ्यांचे फेरे सारख्या वेळात व्हावेत.

बहुतेक फवाऱ्यांना दोन तोट्या असतात. मोठी तोटी पाणी लांब फेकते. मागची बारीक तोटी जवळची जागा भिजवते. बारीक तोटीचे छिद्र जेमतेम अडीच मिलिमीटरचे, त्यामुळे शेवाळ, वाळू, पाइपात शिरलेला किडा, जे काही येईल ते आधी तिथे अडकते. लांबून पाहणाऱ्याला फवारा उत्तम चाललेला दिसतो, आणि बुडाजवळचे तीन-चार मीटर रान मात्र कोरडे राहते.

तोटी तुंबली की माणूस पहिल्यांदा काय करतो? खिळा घेतो नाही तर तार घेतो. तसे कृपा करून करू नये. तोटी पितळेची असते, पितळ मऊ. तारेने छिद्राच्या कडेला ओरखडा पडला की धार फाटते आणि छिद्र हळूहळू मोठे होते. तोटी पान्याने काढून उलट्या बाजूने फुंकावी, नाही तर खराट्याची काडी घालावी. काडी मोडेल, पण तोटी वाचेल. तसेच फवारा जड फिरतो म्हणून त्याच्या सांध्यात तेल किंवा ग्रीस घालू नये. हा सांधा पाण्यानेच ओला राहून फिरतो. तेलावर बारीक वाळू चिकटते आणि वायसर लवकर झिजतात.

आधी मोजा

फवारे जुळवायचे म्हणजे नेमके काय चुकते आहे ते आधी कळले पाहिजे. ते नजरेने कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टियनसन यांनी १९४२ साली यासाठी डबे ठेवून पाणी मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तीच आजही सगळीकडे वापरतात. आपल्या रानात ती अशी करावी.

लागोपाठच्या दोन ओळींतले समोरासमोरचे चार फवारे घ्यावेत. आपले पाइप सहा मीटरचे, म्हणजे दोन पाइपांवर एक फवारा धरला तर बारा मीटर बाय बारा मीटरचा चौकोन होतो. या चौकोनात तीन-तीन मीटरवर, कडेपासून दीड मीटर आत, चार ओळींत चार-चार असे सोळा डबे ठेवावेत. डबे एकाच मापाचे, सरळ उभ्या कडेचे असावेत. औषधाचे डबे घेऊ नयेत. एकच ओळ हलवून दुसऱ्या जागी लावत असाल तर डबे तसेच ठेवून ओळ दोन्ही जागी एक-एक तास चालवावी म्हणजे झाले.

मग प्रत्येक डब्यातले पाणी मोजावे. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी, हे माप लक्षात ठेवावे. डब्याचे तोंड दहा सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्यातले ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. पट्टी बुडवून मोजण्यापेक्षा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने मोजलेले जास्त बरोबर येते.

समजा, एका चौकोनाचे आकडे मिलिमीटरमध्ये असे आले:

१४, ११, १०, १५
११, ७, ६, १०
१०, ६, ७, ११
१५, १०, ११, १४

बेरीज १६८, सरासरी १०.५. आता प्रत्येक डबा सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी आहे तो फरक काढून सगळ्या फरकांची बेरीज करावी. ती येते ३६. या ३६ ला १६८ ने भागले की २१ टक्के विषमता निघते. म्हणजे सारखेपणा सुमारे ७९ टक्के. हा आकडा ८४-८५ च्या वर असेल तर संच चांगला चालला असे तज्ज्ञ मानतात. ७९ ऐकायला वाईट वाटत नाही. शाळेत एवढे मार्क पडले तर आपण पेढे वाटू. पण रानातला हिशेब बघा.

मधल्या चार डब्यांची सरासरी साडेसहा आहे, कोपऱ्यातल्या चार डब्यांची साडेचौदा. पिकाला ४० मिलिमीटरची पाळी द्यायची आहे. सगळीकडे १०.५ पडत असते तर तीन तास पन्नास मिनिटांत काम झाले असते. आता मधल्या भागाला ४० द्यायचे तर सहा तास दहा मिनिटे चालवावे लागते, आणि तेवढ्या वेळात फवाऱ्याजवळ ८९ मिलिमीटर पाणी पडते. गरजेच्या दुपटीहून जास्त. एका ठेवणीला दोन तास वीस मिनिटे वाया. दहा फवाऱ्यांची ओळ सव्वाचौदा गुंठे भिजवते, म्हणजे एकराला तीन ठेवणी. तीन ठेवणींचे मिळून सात तास जादा. ज्यांच्याकडे लाइट पाळीने आठ तास येते त्यांची जवळजवळ एक अख्खी पाळी फक्त फवारे न जुळवल्यामुळे जाते.

फवारे किती लावले?

डब्यांचे आकडे वाईट आले तर पहिला संशय दाबावर घ्यावा. आणि दाब कमी असण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण एकच आहे. मोटरीच्या कुवतीपेक्षा फवारे जास्त लावलेले असतात.

४.७६ आणि २.३८ मिलिमीटरच्या दोन तोट्या असलेला फवारा अडीच किलो दाबावर मिनिटाला सुमारे २८ लिटर पाणी टाकतो. अडीच किलो दाब म्हणजे पाणी २५ मीटर उंच चढवण्याइतका जोर. त्यात विहिरीची खोली १० मीटर आणि पाइपातले घर्षण १० मीटर धरले तर पंपाला एकूण ४५ मीटर जोर लावावा लागतो. पाच एचपीची बऱ्यापैकी मोटर एवढ्या उंचीला सेकंदाला साडेचार-पावणेपाच लिटर पाणी देते. भागाकार केला तर दहा फवारे. बारा नाही, सोळा तर नाहीच. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येकाची विहीर आणि पंप वेगळा. पण पाच एचपीवर वीस फवारे फिरताना दिसले की ओळखावे, तिथे फवारे फिरतात, रान भिजत नाही.

दाब कमी असला तर धार नीट फुटत नाही. थेंब मोठे पडतात आणि बहुतेक पाणी लांब एका कड्यात पडते. कडे ओले, आतला भाग अर्धवट, अशी बांगडी उमटते. मोठ्या थेंबांनी जमिनीचा वरचा थर चोपला जातो, आणि भुईमूग उगवत असताना तर फारच नुकसान होते. उलट दाब फार झाला तर पाण्याचे धुके होते. ते बुडाजवळच पडते किंवा वाऱ्यावर उडून जाते. धार तोटीतून निघून थोड्या अंतरापर्यंत काचेसारखी दिसावी, मग फुटावी. निघाल्या निघाल्या पांढरी झाली तर दाब जास्त, शेवटपर्यंत दोरीसारखी गेली तर कमी.

शक्य असेल तर प्रेशर गेज घ्यावेच. ओळीतला पहिला आणि शेवटचा फवारा दोन्ही तपासावेत. दाबातला फरक वीस टक्क्यांच्या आत असेल तर पाण्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत राहतो, कारण पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जमीन उताराची असेल तर दहा मीटर चढाला एक किलो दाब खर्च होतो. म्हणून फवाऱ्यांची ओळ चढ-उतारावर न घालता आडवी, समपातळीवर घालावी.

गेज नसेल तर बादली आहे. मोठ्या आणि बारीक दोन्ही तोट्यांवर रबरी नळीचे सैलसर तुकडे धरून पाणी पंधरा लिटरच्या बादलीत सोडावे. वरच्या मापाचा फवारा अडीच किलो दाबावर ती सुमारे ३२ सेकंदांत भरतो. पहिल्या फवाऱ्याची बादली ३० सेकंदांत आणि शेवटच्याची ४५ सेकंदांत भरली तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. ओळीतले दोन-तीन फवारे काढून तिथे बूच बसवावे आणि पुन्हा मोजावे.

तोटीचे माप

दुसरी गोष्ट तोट्यांची. संच एकदम घेतलेला असला तरी चार वर्षांत हरवलेल्या, मोडलेल्या तोट्या बदलताना दुकानात मिळेल ती आणली जाते. दिसायला सगळ्या सारख्या. पण ४.४ मिलिमीटरच्या शेजारी ५.२ ची बसली तर ती त्याच दाबावर सुमारे ४० टक्के जास्त पाणी टाकते. माप तोटीवर कोरलेले असते, नाही तर कारखान्याच्या रंगावरून ठरते. एका ओळीत एकाच मापाच्या तोट्या ठेवाव्यात.

झिजलेली तोटी ओळखण्याची सोपी युक्ती आहे. त्या मापाचा ड्रिल मशीनचा नवा बिट घ्यावा आणि त्याची गुळगुळीत बाजू छिद्रात हलकेच घालून पाहावी. घट्ट बसली तर तोटी ठीक, लडबडली तर झिजली. ओढ्याचे किंवा नदीचे वाळूमिश्रित पाणी असेल तर दरवर्षी हे करावे. ४.७६ ची तोटी ०.४ मिलिमीटरने झिजली तर पाणी साडेसतरा टक्क्यांनी वाढते. त्याने मोटर जास्त फवारे ओढू शकत नाही आणि पुढच्या फवाऱ्यांचा दाब पडतो. नव्या तोटीची किंमत एका पाळीच्या मनस्तापापेक्षा कमीच असते.

उभा पाइप, स्प्रिंग आणि वायसर

ज्या उभ्या पाइपावर फवारा बसतो तो ओळंब्यात असावा. तो कलला की एका बाजूची धार आभाळात जाते, दुसरीकडची जमिनीत घुसते आणि गोलाऐवजी लांबट अंडे भिजते. मऊ रानात पाइप भिजत जाऊन कलतो, म्हणून चालू असताना मध्येच एकदा पाहावे. बांबूचा आधार दिला तरी चालतो. पीक वाढले की उभा पाइपही वाढवावा. धार पिकाच्या शेंड्यावर आपटली तर पुढे जातच नाही. उसात म्हणूनच हा संच पहिल्या तीन-चार महिन्यांपुरता. पुढे ऊस डोक्यावर गेला की ठिबकच बरे.

एखादा फवारा सावकाश फिरत असेल तर स्प्रिंग ढिली झाली आहे का, चमचा वाकला आहे का आणि खालचे वायसर झिजून सांध्यातून पाणी गळते का, ते पाहावे. तिन्ही सुटे भाग स्वस्तात मिळतात. अडकून एका जागी उभा राहिलेला फवारा सर्वांत वाईट. रात्री मोटर लावून घरी गेल्यावर तो सकाळपर्यंत एकाच पाचरीत पाणी ओतत राहतो. रात्रपाळी असेल तर मोटर लावल्यावर अर्धा तास तरी थांबून प्रत्येक फवाऱ्याचा एकेक फेरा पाहूनच निघावे. बॅटरीच्या उजेडात तेवढे दिसते.

बांधाकडेचे फवारे

बांधाकडेला, रस्त्याकडेला किंवा वस्तीजवळ पूर्ण गोल फिरणारा फवारा चालत नाही. शेजाऱ्याचा काढून टाकलेला हरभरा भिजला तर भांडण उभे राहते, आणि रस्ता निसरडा झाला तर दुचाकीवाला पडतो. अशा ठिकाणी अर्धगोल फवारा लावावा. त्याच्या मानेवर तारेच्या दोन कड्या असतात आणि एक खटका असतो. फवारा फिरत आला, खटका कडीला लागला, की तो पलटतो आणि फवारा उलट फिरू लागतो. कडीचे दोन कान चिमटीत दाबून ती हवी तिकडे सरकवावी, म्हणजे हवा तेवढा भाग भिजतो. खटका वर उचलून ठेवला तर हाच फवारा पूर्ण गोल फिरतो.

इथे दोन गोष्टी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, अर्धगोल फिरणाऱ्या फवाऱ्याची मागची बारीक तोटी बंद करावी लागते. नाही तर पुढची धार रानात आणि मागची शेजाऱ्याकडे, असा प्रकार होतो. दुसरी त्याहून मोठी. अर्धगोल फवारा तेवढेच पाणी निम्म्या जागेवर टाकतो, म्हणजे तिथे दुप्पट पाणी पडते. बांधाकडेचा पट्टा नेहमी दलदलीचा का राहतो, याचे उत्तर इथे आहे. त्यासाठी तिथे निम्मे पाणी टाकणारी तोटी हवी. निम्मे पाणी म्हणजे निम्म्या मापाची तोटी नव्हे. छिद्राचे माप ०.७ पट घ्यावे. ४.७६ च्या जागी सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटरची तोटी बसवली की हिशेब जमतो. तिची फेक थोडी कमी होते, हे धरून चालावे.

विजेच्या तारांखाली किंवा तारांपर्यंत धार पोहोचेल अशा जागी फवारा, आणि विशेषतः रेनगन, कधीही लावू नये. उभे पाइप हलवतानाही वर पाहूनच हलवावेत. यात तडजोड नाही.

वारा आणि जमीन

सगळे जुळवले तरी वारा आपल्या हातात नाही. फवारा किती अंतरावर लावावा हे भिजणाऱ्या गोलाच्या व्यासावरून ठरते. वारा अजिबात नसेल तर व्यासाच्या ६५ टक्के अंतर चालते, मंद वाऱ्यात ६०, मध्यम वाऱ्यात ५० आणि जोराच्या वाऱ्यात ३० टक्के. आपल्या फवाऱ्याचा गोल साधारण २५ मीटरचा, म्हणजे बारा मीटर अंतर मध्यम वाऱ्यापर्यंत ठीक. चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या वाऱ्यात कोणताही हिशेब टिकत नाही. तेव्हा पहाटे किंवा रात्री पाणी द्यावे. पाणी क्षारयुक्त असेल तर हे आणखी गरजेचे, कारण उन्हात पानावर पडलेले पाणी उडून जाते, क्षार राहतात आणि पानांच्या कडा करपतात.

वाऱ्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. एका पाळीला ओळी जिथे होत्या, पुढच्या पाळीला त्या सहा मीटर सरकवून दोन जुन्या ओळींच्या मधोमध घालाव्यात. मागच्या वेळी जो पट्टा कमी भिजला तो या वेळी फवाऱ्याखाली येतो. दोन पाळ्या मिळून पाणी बरेच सारखे होते. पाइप तसेही हलवावे लागतातच. खुणेसाठी बांधावर दोन रंगांच्या खुंट्या ठोकाव्यात म्हणजे गड्याला सांगत बसावे लागत नाही.

जमिनीचेही ऐकावे लागते. बारा बाय बारावर आपला फवारा तासाला सुमारे पावणेबारा मिलिमीटर पाणी सोडतो. पोयट्याच्या जमिनीत तासाला १० ते २० मिलिमीटर पाणी मुरते, तिथे अडचण नाही. चिकण पोयट्यात ५ ते १० आणि भारी काळ्या चिकण रानात १ ते ५ मिलिमीटरच मुरते. तडकलेले कोरडे रान सुरुवातीला भेगांतून भरपूर पाणी पिते, म्हणून पहिला तासभर सगळे ठीक दिसते. भेगा मिटल्या की डबकी साचू लागतात. अशा रानात चार तास एकदम देऊ नये. लहान तोट्या बसवून दाब कायम ठेवावा, किंवा दोन तास देऊन ओळ पुढे न्यावी आणि परत येऊन उरलेले दोन तास द्यावेत. चाक रुतण्याइतका चिखल झाला म्हणजे पाणी पुरेसे झाले असे नव्हे. टिकावाने एक फूट खोदून पाहावे, मुठीत माती दाबून वाफसा पाहावा. आत किती भिजले ते मातीच सांगते.

घरापुढची हिरवळ

आता बऱ्याच सभासदांच्या घरापुढे, शाळेपुढे, मंगल कार्यालयापुढे हिरवळ आली आहे. तिथे खुंटीवरचा छोटा हातोड्याचा फवारा किंवा जमिनीतून वर येणारे फवारे असतात. नियम तेच, माप छोटे.

जमिनीतून येणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक, पंख्यासारखे स्थिर पाणी उडवणारा. दुसरा, एक धार घेऊन सावकाश फिरणारा. स्थिर फवारा तासाला ४० मिलिमीटरच्या आसपास पाणी टाकतो, फिरणारा दहा-बारा मिलिमीटर. दोन्ही एकाच चावीवर जोडले तर अर्धी हिरवळ बुडते आणि अर्धी वाळते. प्लंबरला हे आधीच बजावावे, दोन्हींच्या चाव्या वेगळ्या. स्थिर फवाऱ्याला सात मिलिमीटरसाठी दहा मिनिटे पुरतात, फिरणाऱ्याला पाऊण तासाच्या आत-बाहेर लागतात.

माथ्यावर छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की फेक कमी होते. पण पाव हिश्श्यापेक्षा जास्त कमी करू नये, धार विस्कटते. त्याहून कमी हवी असेल तर तोटीच बदलावी. फिरणाऱ्या फवाऱ्याची बहुधा एक कड पक्की असते आणि दुसरी किल्लीने सरकवायची असते. म्हणून आधी पक्की कड भिंतीशी किंवा वाटेशी जुळवून घ्यावी आणि मग दुसरी कड लावावी. उलट क्रमाने गेले तर तासभर किल्ली फिरवली तरी पाणी व्हरांड्यातच येते. गवत आणि माती चढून फवारा खाली गेलेला असेल तर तो उकरून टोपी जमिनीच्या पातळीला आणावी. खोल गेलेल्या फवाऱ्याचे पाणी भोवतालच्या गवतावरच आपटते.

इथेही दहा-बारा डबे ठेवून पंधरा मिनिटांत पाहता येते, आणि हे काम मुलांना द्यावे, त्यांना आवडते. मात्र गावच्या नळयोजनेच्या पाण्यावर हिरवळ पोसू नये. विहिरीचे पाणी नसेल तर अंगणात पारिजातक लावावा, त्याला फवारा लागत नाही.

हंगाम संपल्यावर पाइप उन्हात टाकू नयेत. सांध्यांतल्या रबरी रिंगा काढून पुसून डब्यात ठेवाव्यात, फवाऱ्यांची तोंडे खाली करून ते पोत्यात भरावेत, आणि पोत्यावर तोटीचे माप व फवाऱ्यांची संख्या खडूने लिहावी. पुढच्या वर्षी पाइप कोणी मागून नेले तर तेवढेच परत आले का, तेही त्यावरून कळते.